रणपिसे मॅडम आणि आबाची बाही

रणपिसे मॅडमनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार-बिमस्कार काही केला नाही. एक डोळा बारीक करून म्हणाल्या, "डावा खांदा अर्ध्या इंचानं खाली हाय तुमचा. बॅग डावीकडंच अडकवता वाटतं?" मी मुकाट्यानं बॅग उजवीकडं घेतली. तेव्हापासून ती उजवीकडंच असते. आता बायको म्हणते, तुमचा उजवा खांदा खाली आलाय. मॅडम हल्ली सोलापूरला लेकीकडं असतात, नाहीतर जाऊन विचारलं असतं, आता कुठं अडकवू?

दौंडच्या बाजूला एका आयटीआयमध्ये त्या मुलींना शिवण शिकवायच्या. तीसेक वर्षं तेच केलं. बुटक्या, गोल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि गळ्यात टेप. ही टेप वर्गापुरती नव्हती. एका लग्नात मी त्यांना पैठणीवर टेप घालून जेवायला बसलेलं पाहिलंय. मला वाटलं विसरल्या असतील, म्हणून हळूच खूण केली. तर त्या अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुम्ही चष्मा काढून जाता का लग्नाला?"

माणूस दिसला की त्याचं माप घ्यायचं, ही त्यांची खोड. एकदा गावात कुणा पुढाऱ्याचं भाषण चाललं होतं. गडी घसा फोडून बोलत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मॅडम माझ्या कानात सांगत होत्या, "मुंढा आवळलाय त्याचा. हात वर होईना, म्हणून वरडतोय." मुंढा म्हणजे सदऱ्याला बाही जिथं बसते ती जागा. त्यानंतर मला त्या भाषणातलं एक अक्षर आठवत नाही, सदरा तेवढा आठवतो.

आता माझं थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी शिरूरचा. बारा वर्षं पुण्यात कंपनीत काढली, मग डोकं फिरलं आणि गावात येऊन एका खताच्या दुकानावरच्या खोलीत मोबाइलचे गेम बनवायला बसलो. मारामारीचे नव्हे, शिकवणारे. आई मात्र लोकांना 'तो मोबाइल दुरुस्त करतो' असंच सांगते. तिच्या मते ते जरा बरं दिसतं.

त्या आयटीआयचे प्राचार्य माझे शाळेतले मित्र. एक दिवस ते माझ्या खोलीवर आले आणि अडचण सांगायला लागले. रांजणगावच्या एका कंपनीत दर सहा महिन्यांनी शिकाऊ कामगार घेतात. त्यासाठी चित्रांची परीक्षा असते. ठोकळा फिरवला तर कसा दिसेल, पसरलेला खोका दुमडला तर खालच्या चारपैकी कुठला तयार होईल, असले प्रश्न. फिटरची पोरं पास होतात. शिवणच्या मुली मागच्या खेपेला बसल्या आणि झाडून सगळ्या नापास झाल्या. कंपनीच्या साहेबांनी फोन करून सांगितलं, शिवणवाल्यांना ड्रॉइंग कळत नाही, पुन्हा पाठवू नका. प्राचार्यांनी हातापाया पडून एक शेवटची संधी मागून घेतली होती. सात मुली होत्या आणि हातात पाच महिने. ह्या सात पास झाल्या तर त्यांना नोकरी, आणि मागून येणाऱ्या मुलींना दार उघडं. नाही झाल्या, तर दार बंद.

"तुझा गेम-बिम काही कामाला येतो का बघ," प्राचार्य म्हणाले. "आणि रणपिसे मॅडमशी जपून बोल. साहेबाचं ते वाक्य त्यांना फार लागलंय."

लागलं होतंच. मॅडम ते वाक्य दिवसातून चारदा उगाळायच्या. "ड्रॉइंग कळत न्हाई म्हणं! सपाट कापडाचं माणूस उभं करत्यात माझ्या पोरी. आन् ह्यो सपाट कागद बघून नोकऱ्या वाटतोय."

तर मी माझा तयार गेम घेऊन गेलो. रंगीत ठोकळे, ते बोटानं फिरवायचे, शेजारच्या नमुन्याशी जुळवायचे. जुळलं की पिपाण्या वाजायच्या, चुकलं की बॉम्ब फुटायचा, आणि वर घड्याळ टिकटिकायचं. माझी फार मेहनत होती त्यात. मॅडमनी फोन हातात घेतला, उलटा करून मागं बघितलं, परत सुलटा केला आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "ह्ये चुकलंय."

"काय चुकलंय?"

"दोन्ही बाह्या एका हाताच्या हायेत. आन् तुमचं यंत्र म्हणतंय, जुळल्या."

मी हसलो. एका शिवणाच्या बाईनं मला माझ्या गेममधली चूक दाखवावी! मी त्यांना समजावून सांगू लागलो की हे गणित आहे, कॉम्प्युटर चुकत नाही, वगैरे. त्यांनी खाकी कागद घेतला, कात्रीनं खसाखसा दोन एकसारख्या बाह्या कापल्या आणि वर्गातल्या सात मुलींसमोर माझ्या दोन्ही हातांवर टाचण्यांनी लावल्या. डावी व्यवस्थित बसली. उजवीचा फुगा मागच्या बाजूला आला. "फिरवा आता," त्या म्हणाल्या. "उलटी करू नका, बाकी कशी बी फिरवा. डावीची उजवी झाली, तर मी उद्यापासून शिवण बंद करते." मी फिरवली. खूप फिरवली. मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. घरी येऊन तपासलं तर खरंच, माझा गेम आकार आणि त्याची आरशातली प्रतिमा दोन्ही एकच धरत होता. दोन वर्षं तो लोकांच्या फोनवर होता. एकाही इंजिनिअरच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी धरली, न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरलो, तिथून दौंड गाठलं आणि मॅडमना म्हणालो, "नवीन गेम करू. तुम्ही सांगा, मी करतो."

ही माझी सगळ्यात शहाणपणाची आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट.

पहिल्याच दिवशी त्यांनी घड्याळ काढायला लावलं. मी म्हणालो, घड्याळाशिवाय गेमला मजा नाही. त्या म्हणाल्या, "कात्री धरलेल्या बाईला घाई करायची नसती. कापड गेलं तर तुम्ही भरून देणार का?" मग बॉम्ब गेला. "चुकल्यावर बॉम्ब फुटला तर पोरगी दचकंल. काय चुकलं ते तिला कुठं कळलं?" मग पिपाण्या गेल्या. आठ दिवसांत माझ्या गेममध्ये नुसता पांढरा पडदा उरला. मी हात टेकले. विचारलं, "मग ठेवायचं तरी काय?"

"माणूस ठेवा," मॅडम म्हणाल्या. "त्याला कपडा घाला. पोरीनं जसा कापला तसा."

असा आबा जन्माला आला. मिश्यावाला, पोट सुटलेला, जरासा गुर्मीतला म्हातारा. पडद्यावर कापडाचे तुकडे पसरलेले असायचे. मुलीनं ते मनात दुमडायचे, कुठला तुकडा कुठं बसेल ते ठरवायचं, आणि मग आबा तो सदरा अंगात घालायचा. बरोबर असला तर मिशीवरून हात फिरवायचा. चुकला असला तर बाही पाठीतून निघायची, नाहीतर कॉलर बगलेत जायची, आणि आबा ती ओढत स्वतःभोवती गोल गोल फिरायचा. काय चुकलं ते कुणी सांगायची गरजच नव्हती. बघितलं की कळायचं. मी खरंच सांगतो, मोठमोठ्या कंपन्यांतल्या मीटिंगांत मी ह्याच्यापेक्षा चांगली कल्पना ऐकलेली नाही. हे मी त्यांना तोंडावर मात्र कधी म्हणालो नाही, कारण मग त्यांनी आबाचे आणखी अकरा सदरे काढायला लावले असते.

पण गंमत अशी झाली की मुलींना बरोबर उत्तरापेक्षा चुकलेलाच सदरा आवडायला लागला. सुटीत फोनभोवती घोळका व्हायचा आणि आबाची बाही मुद्दाम पोटातून काढली जायची. निमोण्याची पूनम त्यात सगळ्यांच्या पुढं. तिनं एकदा आबाचं डोकं खिशातून बाहेर काढलं, आणि अख्खी इमारत हसली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीन महिने राहिलेत आणि ह्या चुकायला शिकताहेत! मी मॅडमकडं तक्रार घेऊन गेलो.

त्या काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, खिशातून डोकं काढून दाखवा बरं तुम्ही."

मी बसलो. वीस मिनिटं बसलो. माझा आबा नुसताच उघडा उभा.

"मुद्दाम चुकायला बी आधी बरोबर कळावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "न कळता चुकली, तर मला सांगा." आणि त्यांनी गेममध्ये ती एक पायरीच करायला लावली. आबाची बाही पाठीत आणा, आता पोटात आणा, आता दोन्ही बाह्या एकाच बाजूला आणा. मुली अशा काही हुशार झाल्या की एसटीत बसल्या बसल्या पुढच्या माणसाचा शर्ट मनात उसवायच्या. मॅडमची सवय सगळ्यांना लागली. प्राचार्य नवा सफारी घालून आले की वर्गात एकदम शांतता पसरायची, आणि ते बिचारे सारखे बटणं तपासत बसायचे.

परीक्षेला तीन आठवडे राहिले, तेव्हा प्राचार्यांनी कंपनीच्या परीक्षेसारखा एक सरावाचा पेपर आणला. मुली खुशीत बसल्या. ठोकळ्यांचे सगळे प्रश्न बरोबर आले. खोक्यांचे सगळे चुकले. सगळ्या मुलींचे, सगळे.

प्राचार्यांनी सातही पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला. सातही जणींची चुकीची उत्तरंसुद्धा तंतोतंत एकच होती. "मॅडम, ही सरळ सरळ कॉपी आहे," ते म्हणाले.

मॅडमनी चिडून ते पेपर टेबलावर आपटले. मग म्हणाल्या, "माझ्या पोरी उपाशी ऱ्हातील, कॉपी न्हाई करणार." त्यांनी सात जणींना व्हरांड्याच्या सात खांबांना पाठ लावून बसवलं आणि दुसरा पेपर वाटला. पुन्हा तेच. खोक्यांचे सगळे प्रश्न चुकलेले, आणि सातही जणींची चूक एकच.

मी घरी न जाता तिथंच बसलो. पेपरातला एक पसरलेला खोका कापून घेतला आणि पूनमला म्हटलं, कर बरं ह्याचा खोका. तिनं झटकन दुमडला. बघतो तर कागदावरची चित्रं खोक्याच्या आत गेली होती, बाहेरून कोरा! मी विचारलं, असा का? ती माझ्याकडं खुळ्यासारखी बघत राहिली. म्हणाली, "सर, खुणा आतच असतात ना?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शिंप्याच्या खडूच्या खुणा नेहमी कापडाच्या उलट्या बाजूला असतात. शिवून झालं की त्या आत जातात, बाहेरून दिसत नाहीत. मॅडमनी गेमसाठी सगळे तुकडे मला खाकी कागदावर तसेच आखून दिले होते, आणि मी ते तसेच्या तसे गेममध्ये उतरवले होते. चार महिने आमच्या मुली सगळं जग आतल्या बाजूनं दुमडत होत्या. कंपनीच्या पेपरात चित्र बाहेर ठेवायचं असतं. म्हणून त्यांना प्रत्येक खोका आरशातल्यासारखा उलटा दिसत होता. बुद्धी पक्की होती, हात पक्का होता, आणि बाजू चुकली होती.

मॅडमनी तो कोरा खोका हातात घेतला. उघडला, पुन्हा दुमडला, पुन्हा उघडला. मला वाटलं आता पुन्हा कुणाचा तरी मुंढा आवळलेला निघणार. पण त्या वर्गात गेल्या, सात मुलींसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी हाय. तुमची न्हाई. तीस वरीस मी एकाच बाजूनं बघत आले आन् तुम्हाला बी तेच शिकवलं."

मी घाईनं म्हणालो, "मॅडम, चूक दोघांची आहे. मलाही कळायला हवं होतं."

"तुमची कशी?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय कळतंय!"

मुली हसल्या, मॅडमही हसल्या, पण तो कोरा खोका त्यांच्या हातातच होता. मला त्या बाईचं तेव्हा फार वाईट वाटलं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी मुलींना आणि स्वतःला सळो की पळो करून सोडलं. रद्दी, पुठ्ठे, मिठाईचे खोके, जे मिळेल ते. प्रत्येक पसरलेल्या खोक्याच्या बाहेर यायच्या बाजूला ओला खडू फासायचा आणि दुमडायचा. हात पांढरे झाले तर बरोबर, कोरे राहिले तर पुन्हा. मी रात्रंदिवस बसून गेममधले तुकडे पालटून दिले. मॅडमचं स्वतःचं मात्र चुकायचं. तीस वर्षांची सवय, हात आपोआप आत जायचे. मग मुलींच्या देखत त्या आपल्या कोऱ्या तळव्यांकडं बघून स्वतःलाच एक शिवी हासडायच्या. ती इथं लिहीत नाही.

परीक्षेच्या दिवशी कंपनीत बाहेरच्यांना प्रवेश नव्हता, आणि मुलींना आत फोन-पर्स न्यायला बंदी. मॅडम गेटसमोर उभ्या राहिल्या, दोन्ही दंडांवर सात पर्सा अडकवून. तिथं निकाल त्याच दिवशी लावतात. पास झालेल्याला तपासणीसाठी डॉक्टरकडं जायचा पिवळा कागद देतात. चार वाजता मुली बाहेर आल्या. सहा जणींच्या हातात पिवळा कागद होता. पूनमच्या हातात काही नव्हतं.

सहा जणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, प्राचार्यांनी पेढे आणायला माणूस पिटाळला, साहेबांनी स्वतः गेटवर येऊन सांगितलं की पुढच्या वेळी आणखी मुली पाठवा. मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या पूनमला बाजूला घेऊन विचारत होत्या, पहिला खोका कुठला लिहिला, दुसरा कुठला. पूनम सांगत होती. घाबरली, आणि हात जुन्या सवयीनं आत गेले. सगळे खोके उलटे.

"हिचं माझ्यामुळं गेलं," मॅडम मला म्हणाल्या. मी पुष्कळ समजावलं. सहा पास झाल्या, दार उघडलं, पूनम पुढच्या खेपेला बसेल. "सहा जणी त्यांच्या डोक्यानं पास झाल्या," त्या म्हणाल्या. "नापास झाली ती माझ्या शिकवण्यानं."

दोन महिन्यांनी मॅडम निवृत्त झाल्या. लेक सोलापूरला चला म्हणून मागं लागली होती. मॅडम गेल्या नाहीत. दर रविवारी गुडघ्याला पट्टा बांधून त्या दौंडहून निघायच्या, दोन एसट्या बदलून निमोण्याला पूनमच्या घरी पोचायच्या आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडून खोके करून घ्यायच्या. मी एकदा म्हणालो, गेममधून शिकेल ती, तुम्ही कशाला एवढी पायपीट करता? त्या म्हणाल्या, "तुमचा आबा तिच्या आईला तोंड दाखवणार हाय का? मला दाखवायचंय." पूनमची आई त्यांना दर वेळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढायची, एका शब्दानं बोल लावायची नाही. मॅडम म्हणायच्या, त्यामुळंच घास उतरत नाही.

पुढची परीक्षा आली. मी गाडीवरून गेटवर पोचलो तर मॅडम तिथं होत्या. कंपनीकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून उभ्या. दंडावर एकच पर्स.

"अशा का उभ्या, मॅडम?"

"बघवत न्हाई मला. तुम्ही बघा आन् सांगा."

म्हणून मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, त्यांच्या खांद्यावरून गेटकडं बघत. आम्ही बराच वेळ तसे उभे होतो. त्या माझ्या तोंडावरची नजर काढत नव्हत्या. चार वाजले. पोरं-पोरी बाहेर पडायला लागली. एक घोळका आला, दुसरा आला. त्याच्या मागं पूनम दिसली. हात वर करून पळत येत होती, आणि हातात पिवळा कागद होता.

मला बोलायचं होतं. पण शब्दांच्या आधी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मॅडमनी माझं ते तोंड बघितलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. त्या मटकन रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. "गेलं?" त्या म्हणाल्या. "पुन्हा गेलं पोरीचं?"

मी मान हलवत होतो, पण कशी हलवत होतो देव जाणे. तोवर मागून पूनमनं येऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि तो पिवळा कागद त्यांच्या चष्म्यासमोर धरला. मॅडमनी तो वाचला. मग उठून माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. "आवं, मग रडताय कशाला! येडे का खुळे! जीव घेतला असता माझा!" असं म्हणता म्हणता त्या स्वतःच रडायला लागल्या, भर रस्त्यात, मोठ्यानं, सुटलेल्या शिफ्टच्या माणसांसमोर. पूनमच्या पाठीवर त्यांनी दोन्ही हात असे घट्ट आवळले होते की पोरीला श्वास घ्यायला होत नव्हतं.

दौंडकडची गाडी आली. मी हात करून थांबवली, कंडक्टरनं दोनदा घंटी दिली, आणि गाडी निघून गेली. मॅडमनी पूनमला सोडलं नाही.